दुष्काळ, अनाथ बालके आणि राहून गेलेले शिक्षण

शाळा बंद पडते तेव्हा नेमके काय बंद पडते, आणि ती पुनः उघडते तेव्हा नेमकी कशाची भरपाई करावयाची असते, हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत आपल्या सर्वांपुढे येऊन ठाकला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरच्या शाळांना कुलपे लागली. मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग २० सप्टेंबर २०२१ पासून, तेही निम्म्या उपस्थितीने, सुरू झाले. मधल्या दीड वर्षात ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ या नावाची योजना राज्य शासनाने राबविली. आकाशवाणीवरून पाठ ऐकविले, मोबाइलवर पाठविले. बालाघाटच्या बाजारपेठेत राहणाऱ्या मुलास त्याचा काही लाभ झालाही असेल. बैहरच्या पठारावरील गोंड अथवा बैगा टोल्यातील मुलास तो कितपत झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यानंतरच्या पाहण्यांचे आकडे सर्वपरिचित आहेत. ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार, २०१८ मध्ये शंभरात २७.३ होते, २०२२ मध्ये ते २०.५ वर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ पर्यंत परत आले. हानी भरून निघाली, असे यावर पुष्कळांनी समाधान व्यक्त केले. परंतु या समाधानात दोन गोष्टी नजरेआड होतात. एक तर जी पूर्वस्थिती परत आली तिच्यातही शंभरातील त्र्याहत्तर मुले मागेच होती. दुसरे असे की, २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत दाखल झालेली होती. मार्च २०२० मध्ये जे मूल पहिलीत होते ते २०२४ मध्ये सहावीत गेले होते. आकडा सावरला तो त्याचा नव्हे. आकडे सावरतात, परंतु ज्यांच्यावर संकट कोसळले ती माणसे त्या आकड्यांतून निघून गेलेली असतात.

हा अनुभव नवा नाही. आपल्याच प्रदेशात, सव्वाशे वर्षांपूर्वी, याहून कितीतरी भयंकर आपत्तीनंतर हजारो मुलांच्या हाती उशिरा पाटी देण्यात आली होती. त्या उद्योगात ख्रिस्ती मिशनांचा वाटा मोठा होता आणि आजच्या आपल्या कित्येक मंडळ्यांचा उगम तेथेच आहे. म्हणून त्या इतिहासाकडे केवळ कृतज्ञतेने अथवा केवळ संकोचाने न पाहता, शिक्षणाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये निर्माण झाला. दक्षिणेस वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताची शेते, उत्तरेस व पूर्वेस साल वृक्षांनी झाकलेले बैहरचे पठार, अशी त्याची रचना आहे. खालच्या भागात पोवार, लोधी, मरार, महार. वर गोंड आणि बैगा. वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूस मराठी व पोवारी कानी पडतात. भाताचे पीक पावसाच्या शेवटच्या सरींवर अवलंबून असते. त्या चुकल्या की उभे पीक वाळते. १८९६ मध्ये तसे झाले आणि १८९९ मध्ये, पहिल्या घावातून शेतकरी सावरतो न सावरतो तोच, पुनः झाले. रेल्वे तेव्हा बालाघाटपर्यंत पोहोचलेली नव्हती. सातपुड्याचा अरुंद रूळमार्ग १९०३ नंतरचा. जे धान्य बाहेरून यावयाचे ते गोंदियाकडून बैलगाडीने. १८९१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लाख २६ हजार भरली. सामान्य काळात जी वाढ झाली असती ती जमेस धरली नाही तरी, दर सात माणसांमागे एक माणूस दहा वर्षांत नाहीसे झाले असा याचा अर्थ होतो.

दुष्काळाची एक रीत असते. प्रथम धान्य संपते, मग गुरे विकली जातात, मग कुटुंब कामाच्या शोधात घराबाहेर पडते, आणि वाटेत कुटुंबच विखुरते. सरकारी खडी फोडण्याच्या कामावर, अन्नछत्रात वा दरिद्रालयात जी मुले एकटी उरली त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न मध्य प्रांताच्या प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यापुढे होता. त्यांतील बरीच मुले मिशनांच्या हवाली करण्यात आली. होशंगाबादकडे क्वेकर, दमोह येथे डिसायपल्स, धमतरी येथे १८९९ मध्येच आलेले मेनोनाइट, अशा कितीतरी संस्थांची अनाथालये या दोन दुष्काळांत भरली. बालाघाट जिल्ह्यात जॉन लॅम्पर्ड यांनी १८९० च्या दशकात उभे केलेले स्वतंत्र ‘बालाघाट मिशन’ काम करीत होते. पुढे ते मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीकडे गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. परधर्मीय संस्थांच्या हाती अनाथ मुले जावीत की नाही, याविषयी त्या काळीही तीव्र वाद झाला. लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये आणि पुनः १८९९–१९०० मध्ये हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली व मध्य प्रांतातील मुलांना पंजाबातील आर्यसमाजी अनाथालयांत नेले. त्यांचा आक्षेप मिशनऱ्यांनी अन्न दिले याला नव्हता. भुकेलेल्या मुलाची संमती ही संमती नव्हे, याला होता. हा आक्षेप आपण अजूनही टाळून पुढे जातो, असे मला वाटते. त्याचे उत्तर देण्याची ही जागा नव्हे. पण ज्याच्या हाती असे मूल येते त्याच्यावर त्या मुलाच्या शिक्षणाविषयी सामान्य शिक्षकापेक्षा अधिक जबाबदारी येते, एवढे तरी त्यातून निष्पन्न होतेच. मुलाला परत जाण्यास घर उरलेले नसते. त्याला कोठवर न्यावयाचे हे सर्वस्वी नेणाऱ्याच्या हाती असते.

शिकवावयाचे म्हणजे काय करावयाचे? त्या वेळची शाळा या कामास अजिबात योग्य नव्हती. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळे ते परीक्षेच्या निकालावर. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई, प्रत्येक इयत्तेतील मुलांना वाचन, लेखन, गणित यांत तपाशी, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर रक्कम ठरे. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने ही पद्धत मोडीत निघाली. त्याच ठरावात अशी कबुली होती की, पाच खेड्यांपैकी चारांत शाळा नाही, चार मुलग्यांपैकी तीन शिक्षणाविना वाढतात, आणि मुलींत चाळिसांमागे एकच शाळेत जाते. अशा व्यवस्थेत तेरा वर्षांचे, एकही अक्षर न ओळखणारे, पोट वाढलेले व पाय काड्यांसारखे झालेले मूल म्हणजे शाळेच्या दृष्टीने केवळ तोटा. त्याला पाच वर्षांच्या मुलांबरोबर बसवावे तर ते लाजते. त्याच्या वयाच्या मुलांबरोबर बसवावे तर त्याला काही कळत नाही. इयत्ता हा शब्द ज्यासाठी निर्माण झाला त्या साच्यात ते मूल बसतच नव्हते.

या अडचणीतून ज्यांनी काही वाट काढली त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांच्या चरित्राची ओळख वाचकांस असल्याने येथे फक्त प्रस्तुत विषयापुरते सांगतो.

रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः कधी कोणत्याही इयत्तेत बसल्या नव्हत्या. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या कुटुंबात, आई लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐकून त्या संस्कृत शिकल्या. चालता चालता मराठीखेरीज इतर प्रांतांच्या भाषाही त्यांना अवगत झाल्या. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण यांचा अंत त्यांनी पाहिला. भाऊ श्रीनिवास व त्या दोघेच उरली. पुढे वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. अर्थात, भुकेने ज्याचे सर्वस्व गेले असे मूल विद्येच्या कोणत्याही पायरीपर्यंत जाऊ शकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अमेरिकेत १८८६ नंतर त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके लिहिण्याचा उद्योग आरंभला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले. ते पुढच्याच वर्षी पुण्यास गेले.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या पुण्यास पोहोचल्या आणि रमाबाई स्वतः तिकडे निघाल्या. दरिद्रालये व दुष्काळी कामे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तेथील तरुण मुलींच्या भोवती घिरट्या घालणाऱ्या दुष्ट माणसांविषयी त्यांनी १८९७ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले, आणि त्याच लेखनात आपल्या स्वतःच्या दुष्काळाची हकीगत सांगितली. सुमारे तीनशे मुली व बालविधवा त्या मोहिमेतून त्यांच्या छायेखाली आल्या. पुण्यात प्लेग सुरू झाल्यामुळे या नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगाव येथे शारदासदनाच्या खर्चास आधार म्हणून जी शेतजमीन घेतली होती तेथे तंबू व झोपड्या टाकून त्यांना ठेवावे लागले. मुक्तिसदनाचा जन्म असा, कोणत्याही आराखड्याशिवाय, झाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या व एकूण संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली.

एकोणीसशे मुली आणि शिकविणार कोण? प्रशिक्षित शिक्षिका इतक्या नव्हत्याच. सबंध इलाख्यात नव्हत्या. शारदासदनात सात-आठ वर्षे शिकलेल्या ज्या बालविधवा होत्या त्यांच्यावर हे काम आले. त्या शिक्षिका झाल्या, देखरेख करणाऱ्या झाल्या, आजाऱ्यांच्या दाई झाल्या. ज्यांनी आपली पहिली पाटी स्वतःच उशिरा हाती घेतली होती, त्याच आता इतरांस ती देत होत्या. मोठ्या मुलीस ‘आ’ काढता येत नाही याचे हसू त्यांना आले नसावे. त्यांनाही तो दहा-बारा वर्षांच्या झाल्यावरच काढता आला होता. पुढे नव्या आलेल्यांपैकी जी लवकर शिकली तिनेही आपल्या मागच्यांस शिकवावे, असा क्रम चालू राहिला. आज ज्याला मोठ्या नावांनी ओळखले जाते त्यांतील बरेचसे केडगावच्या धुळीत निव्वळ निरुपायाने घडले.

शिक्षणाच्या आधी शरीर, हा दुसरा धडा. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम पोटभर अन्न सोसत नाही. ते आजारी पडते, अन्न लपवून ठेवते, दुसऱ्याच्या हातातले ओढून घेते. अशा मुलास बाराखडी सांगणे व्यर्थ असते. केडगावी आलेल्यांपैकी काही मुली वाचल्याही नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्या बाबतीत पहिल्या काळाचे शिक्षण म्हणजे वेळेवर जेवण, अंघोळ, झोप आणि उद्याही जेवण मिळेल हा विश्वास. त्यातला शेवटचा विषय शिकण्यास सर्वाधिक काळ लागत असावा. हे लिहिताना एक विचार मनात येतो: २०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा आपण पहिल्याच आठवड्यात मुलांची चाचणी घेतली.

यानंतर बालोद्यान. फ्रोबेलची पद्धत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. रमाबाईंनी ती मोठ्या वयाच्या मुलींसही लागू केली. मणी, काड्या, कागद, गाणी, मोजणी. हाताने केल्यावर मग अक्षर. कित्येकांना यात मोठ्या मुलींचा अपमान वाटेल. परंतु ज्या मुलीचे बालपण दुष्काळाने नेले तिला अक्षरांपूर्वी ते थोडेसे परत देणे, यात मला अपमान दिसत नाही. अंध मुलींसाठी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेऊन त्यांना शिकविली, ही गोष्टही याच वृत्तीतून आली. मुलीला पुस्तक वाचता येत नसेल तर दुसऱ्या तऱ्हेचे पुस्तक शोधावयाचे.

भाषेची अडचण निराळीच होती. मध्य प्रांताच्या उत्तर भागातून आलेल्या मुली हिंदी बोलत, गुजरातेतील गुजराती, आणि शिक्षण मराठीत. म्हणजे ज्या मुलीने आई, गाव आणि भाऊ गमावला होता तिची बोलीही केडगावच्या वाटेवर सुटली. यास कोणाचा दुष्टपणा कारण नव्हता. शिकविणाऱ्यांना मराठीच येत होती. तरी ही हानी कोणत्याही अहवालाच्या रकान्यात मांडली गेली नाही. आमच्या बालाघाटात आज घरी गोंडी, पोवारी किंवा मराठी बोलणारे मूल हिंदी शाळेत जाते. वर्गात दररोज बसून कानावर पडलेल्या हिंदीच्या बळावर ते कसेबसे पुढे सरकत असते. शाळा दीड वर्ष बंद राहिली तेव्हा त्याचा केवळ धडा राहिला नाही. ज्या भाषेत धडा होता ती भाषाच त्याच्या कानाआड झाली. ‘राहिलेला अभ्यासक्रम’ या शब्दप्रयोगात हे मावत नाही.

मराठी मुलखातील इतर मिशनांची हकीगत थोडक्यात पाहू. १९०० मध्ये अमेरिकेतील ‘ख्रिश्चन हेरल्ड’ पत्राचे संचालक लुई क्लॉप्श यांनी मोठा निधी जमविला, ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका पाठविला आणि पाच हजार अनाथांच्या पोषणाचा भार घेतला. या मदतीच्या वाटपात अहमदनगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम प्रमुख होते. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर, सोलापूर आदी ठाण्यांवर अनाथालये भरली. सोलापुरात कुमारी मेरी हार्डिंग यांनी या मुलांतून बालोद्यान चालविले आणि पुढे त्याच्या शिक्षिका तयार करण्याचा वर्गही काढला. मराठीतील बालशिक्षणाच्या इतिहासात या वर्गाची नोंद व्हावी तेवढी होत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत मात्र वाट बहुधा वेगळी झाली. सुतारकी, लोहारकी, गालिचे विणणे, हातमाग. अहमदनगर येथे डी. सी. चर्चिल या यंत्रशास्त्रज्ञाने सुधारलेला हातमाग बनविला व त्याची देशभर वाखाणणी झाली. हातात कसब आले, पोटाची सोय झाली, हे उपकार लहान नव्हेत. ज्या मुलाला जातीने एकच काम नेमून दिले होते त्याला रंधा हाती मिळणे हे त्या काळी मोठे पाऊल होते, हेही मान्य केले पाहिजे. तथापि या औद्योगिक शाळांमागे एक गृहीत होते. ही मुले उशिरा आली आहेत, फार शिकण्याजोगा वेळ उरलेला नाही, देणगी कायम येत राहणार नाही. तेव्हा वाचण्यापुरते वाचन, हिशेबापुरते गणित आणि एक धंदा, एवढे पुरे. कोठवर पुरे, हे मूल ठरवीत नव्हते. संकटाने जी उंची कमी केली होती तीच त्याची उंची म्हणून नोंदली गेली.

माझ्या मते भरपाईच्या प्रत्येक योजनेची खरी कसोटी येथे लागते. राहिलेले शिकविण्यासाठी खाली उतरावे लागते, त्याला इलाज नाही. जेथे मूल उभे आहे तेथूनच चालावयास आरंभ होतो. पण खाली उतरलेला शिक्षक तेथेच घर बांधतो की मुलाबरोबर वर येतो, हा प्रश्न उरतो.

केडगावी याचे जे उत्तर मिळाले ते विलक्षण होते. मुक्तिसदनातही धंदे होते: विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, धुलाई, आणि छापखाना. या शेवटच्या धंद्याने गोष्ट बदलली. रमाबाईंना मराठी पवित्र शास्त्राची प्रचलित भाषा संस्कृतप्रचुर वाटे. अलीकडेच वाचावयास शिकलेल्या बाईला ती कळत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. इतर कोणी असते तर वाचणाऱ्यांना आणखी दोन इयत्ता शिकविण्याचे योजिले असते. रमाबाईंनी पुस्तकच बदलावयाचे ठरविले. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी इब्री व ग्रीक यांचा अभ्यास केला, इब्रीचे व्याकरण मराठीत लिहिले आणि संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. त्याचे खिळे जुळविले, छापले व बांधले ते मुक्तिसदनातील बायामुलींनी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. पाटीपुढे उशिरा बसलेल्या हातांनी छापलेल्या या ग्रंथाच्या भाषेवर पंडितांनी पुष्कळ नाके मुरडली आहेत. त्यातील काही आक्षेप रास्तही आहेत. शब्दशः भाषांतराच्या हट्टामुळे तिची वाक्यरचना कित्येक ठिकाणी अवघडते. परंतु वाचकाला पुस्तकापर्यंत ओढण्याऐवजी पुस्तकाने वाचकापर्यंत यावे, हा त्यामागचा निर्णय मराठी ख्रिस्ती विद्येच्या इतिहासातील मोठ्या निर्णयांपैकी एक होय.

सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना येथे नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. बंदिवासातून परतलेली प्रजा, जिच्या कित्येकांच्या कानावरून पूर्वजांची भाषा गेली असावी, जलवेशीसमोरील चौकात जमते. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो. पण तेवढ्याने भागत नाही. लेवी लोकांमध्ये जाऊन उभे राहतात व वाचलेल्याचा अर्थ सांगतात. लोक रडू लागतात तेव्हा त्यांना प्रथम घरी जाऊन खावे-प्यावे, आणि ज्याच्याकडे काही नाही त्यास वाटा पाठवावा, असे सांगण्यात येते. वाचन, अर्थ, अन्न: हा क्रम भाष्यकार सहसा सणाच्या अंगाने समजावितात. मला त्यात एका राहिलेल्या शाळेचा पहिला दिवस दिसतो. व्यासपीठावरच्या एका एज्राने ते काम झाले नाही, गर्दीत उभ्या असलेल्या लेव्यांनी ते झाले, याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते.

गर्दीत उभे राहणाऱ्यांची गरज अर्वाचीन काळातही सिद्ध झाली आहे. मुंबई व वडोदरा येथील नगरपालिकांच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ हा उपक्रम तपासला गेला. वस्तीतीलच एक तरुणी, बहुधा दहावीपर्यंत शिकलेली, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन शाळेच्या वेळेतले दोन तास बसे आणि वाचन व हिशेब यांचे केवळ मूळ शिकवी. मुले स्पष्टपणे पुढे गेली. या पाहणीत सहभागी असलेल्या अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इयत्ता बाजूस ठेवून जे येते त्यानुसार मुलांचे गट करावयाचे, ही त्यातून वाढलेली पद्धत आज अनेक देशांत चालते. केडगावच्या बालविधवा शिक्षिकांना हे ऐकून फार नवल वाटले नसते.

याच्या तुलनेत महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०२१ पासून जो सेतू अभ्यासक्रम आणला तो पंचेचाळीस दिवसांचा होता. तो तयार करणाऱ्यांची कळकळ खरी होती आणि काही नसण्यापेक्षा तो बराच होता. पण शाळांची दारे अद्याप पुरती उघडलेली नसताना, मागील इयत्तेचा सारांश पंचेचाळीस दिवसांत घेऊन मूल पुढील इयत्तेत बसावे, ही त्यातली कल्पना मूळच्या साच्याचीच होती. सेतूच्या दोन्ही टोकांस इयत्ताच होती. त्याच महिन्यात केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ ही योजना जाहीर करून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे असे ध्येय ठेविले. हे ध्येय उत्तम आहे. मात्र जे मूल तिसरी ओलांडून गेले होते ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले. आमच्या जिल्ह्यातील ज्या मुलांचा उल्लेख आरंभी केला ती आता माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आहेत. काही तो ओलांडतील. काही भाताच्या रोपणीला, बांबूच्या कामाला किंवा नागपूरकडे मजुरीला जातील आणि पटावर त्यांच्या नावापुढे एक रेघ ओढली जाईल.

अशा रेघांचा पूर्वीचा हिशेब आपल्याच हाती असण्याचा संभव आहे. मध्य प्रांतातील आणि मराठी मुलखातील जुन्या मंडळ्यांत जेथे त्या काळची दप्तरे उरली आहेत, तेथे अनाथालयांच्या प्रवेशनोंदीही असू शकतील. मूल कोणत्या तारखेस आले, अंदाजे वय काय, नाव काय सांगितले व नंतर काय ठेवले, गाव कोणते, कोणत्या वर्षी पहिले पुस्तक वाचले, कोणत्या वर्षी धंद्यास लागले, कोणाशी विवाह झाला. एवढे रकाने जुळले तर राहिलेले शिक्षण भरून काढण्यास एका मुलाला खरोखर किती वर्षे लागली, याचे उत्तर नावानिशी देता येईल, आणि कित्येक कुटुंबांना आपले मूळ गावही कळेल. वाळवी व पावसाळा यांनी ही दप्तरे दरवर्षी थोडी थोडी जातात. सेमिनरीच्या इतिहास विभागाने उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-दोन विद्यार्थी अशा मंडळ्यांत पाठवून त्या नोंदी उतरवून घ्याव्यात. पहिली खेप बैहर व बालाघाट येथून सुरू करता येईल.